तव्याखालची हरळी

काळ्या मातीत राबणाऱ्या माणसाला हरळी काय असते ते शिकवावं लागत नाही. ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वावरात शिरते, हातभर खोल मुळं सोडते, आणि वरून कितीही खुरपली तरी खालचं एखादं कांडं उरलं की पुन्हा डोकं वर काढते. म्हणून १९६३ च्या पावसाळ्यात अकोटच्या कन्या शाळेच्या मैदानात पोती भरभरून हरळी आणून ती मुद्दाम लावायला सुरुवात झाली, तेव्हा बाजाराला जाणारी माणसं बैलगाड्या थांबवून बघू लागली.

"हे काहून लावून राहिले बाप्पा?" एका म्हाताऱ्यानं गाडीवरूनच विचारलं. "आमच्या वावरातली घेऊन जा ना. वरून जेवन बी घालतो."

शाळेचा शिपाई पुंजाराम कुंपणाशी उभा होता. तो म्हणाला, "पोरी हाकी खेळनार हायेत तिच्यावर."

"पोरी?"

"हो. पोरी."

म्हातारा बैलांना हाकारून पुढे गेला.

अकोटात मुलींची हॉकी आणली ती ताराबाईंनी. त्या मूळच्या अमरावतीच्या, वकिलाच्या घरातल्या. शाळेत विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी पदर खोचून मैदानात उतरत. संघ चांगला तयार झाला होता, पण मैदान नव्हतं. पावसाळ्यात काळी माती चिकट व्हायची आणि हिवाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की चेंडू त्यांत जाऊन बसायचा. मग मुलींनी वाकून तो हातानं काढायचा आणि पुन्हा खेळायचं. शाळांच्या स्पर्धेत अकोट अंतिम सामन्यापर्यंत पोचायचं, पण तो सामना दर वर्षी अमरावतीला व्हायचा, कारण हिरवळ तिथंच होती. तिथल्या मुली हसून म्हणायच्या, "अकोटच्या पोरी हॉकी खेळत नाहीत, कापूस वेचतात."

हे बोलणं सगळ्यांत जास्त लागलं होतं शकुनला. शकुन मॅट्रिकच्या वर्गात होती आणि मैदानाच्या मधोमध खेळायची. तिच्या घरच्या कुणीही तिला कधी खेळताना पाहिलेलं नव्हतं. अमरावतीला जायला माणसांना सवड नव्हती आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना त्यात काही बघण्यासारखं असेल असं वाटत नव्हतं. पोरगी काठी घेऊन मोटारीनं जाते आणि काठी घेऊन परत येते, एवढंच त्यांना ठाऊक. शाळेचं हे तिचं शेवटचं वर्ष होतं.

या वर्षी स्पर्धा-समितीनं कळवलं होतं की अकोटला चेंडू सरळ धावेल अशी हिरवळ तयार झाली तर अंतिम सामना तिथं घेऊ. संक्रांतीनंतर समितीचे हेमचंद्र अमरावतीहून स्वतः येऊन मैदान बघणार होते.

हरळी वाढवणं हे काही कठीण काम नव्हतं. ती सारखी कापणं कठीण होतं, आणि ते काम आलं शकुनच्या वडिलांकडे.

देवीदास हा खुशालरावांच्या संत्र्याच्या बागेत ट्रॅक्टर चालवायचा. खुशालराव शाळेचे अध्यक्ष होते. त्यांनी झाडांच्या फांद्यांखालून जाईल असा एक छोटा परदेशी ट्रॅक्टर आणला होता. त्याच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, लोखंडी पत्र्याचं एक रुंद झाकण साखळ्यांवर टांगलेलं असे. झाकणाखाली दोन पाती आडवी गरगर फिरत आणि बागेतलं गवत कापत. पुंजाराम त्या झाकणाला तवा म्हणाला, कारण ते उपड्या तव्यासारखंच दिसायचं. मग सगळेच तवा म्हणू लागले.

देवीदासची एक ख्याती होती. ट्रॅक्टरवर बसण्याआधी तो पेरणीची तिफण धरायचा, आणि त्याच्या तिफणीमागे उगवलेल्या ओळी दोरी धरून आखल्यासारख्या सरळ असायच्या. त्याच्या गावात अजूनही पेरणीचा पहिला तास, म्हणजे पहिली ओळ, धरायला त्यालाच बोलावणं यायचं. पहिला तास सरळ गेला की बाकीचं वावर त्याच्या आधारानं सरळ जातं. ट्रॅक्टर हातात आल्यापासून तो बागेचा माणूस झाला होता, पण पहिल्या तासाला जाणं त्यानं सोडलं नव्हतं.

"यंदा तू घरी खेळशीन," त्यानं शकुनला सांगितलं होतं. "तुही माय पाहीन, आजा पाहीन. माहा शब्द हाय."

पहिल्या कापणीला सगळ्या मुली बघायला जमल्या. देवीदास ट्रॅक्टर घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, वळला, पाती बंद करून परत आला आणि आधीचा पट्टा डाव्या हाताला ठेवून पुढचा धरला. पट्टे खरोखर सरळ पडले. पुंजाराम म्हणाला, "वा, देवीदासभाऊ! धोतराचा काठच काढला."

शकुननं चेंडू ठेवला आणि पट्ट्यांना आडवा मारला. दोन पट्टे ओलांडेपर्यंत तो नीट गेला, मग टुणकन उसळला आणि डावीकडे पळाला. तिनं पुन्हा मारला. पुन्हा तेच.

ताराबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी गवतावरून हात फिरवला. प्रत्येक पट्टा एका बाजूला बुटका होता आणि दुसऱ्या बाजूला उंच. दोन पट्टे जिथं मिळत, तिथं पायरी तयार झाली होती. लांबून बघितलं तर सारं मैदान सपाट, पण चेंडूच्या दृष्टीनं तो जिना होता.

"उजवीकून उंच राहून राहिलं," देवीदास म्हणाला. "वजन कमी पडते तिकून. उद्या करतो मी बराबर."

दुसऱ्या दिवशी त्यानं जे केलं ते वऱ्हाडातला कुठलाही शेतकरी करील. वखर जमिनीत नीट जात नसेल तर त्यावर धोंडा ठेवतात, नाहीतर पोरगं बसवतात. देवीदासनं तव्याच्या उजव्या बाजूला चांगला मोठा धोंडा दोरीनं बांधला आणि गोलासमोरून सुरुवात केली.

साखळ्यांवर टांगलेला तवा धोंड्यासकट झोके घेऊ लागला. जिथं जमीन जरा वर आली तिथं तो खाली आपटला आणि पात्यांनी गवत मुळापाशी खरवडून काढलं. देवीदासनं ट्रॅक्टर थांबवून मागं पाहिलं तोवर गोलासमोर दोन-तीन खाटा मावतील एवढी माती उघडी पडली होती.

"हजामत झाली," पुंजाराम म्हणाला. "आता टोपी घालून देऊ त्याले."

कुणी हसलं नाही, तेव्हा तो पाण्याची बादली आणायला गेला.

ताराबाई आल्या. त्यांनी आधी धोंडा बघितला, मग उघडी माती.

"देवीदासभाऊ, वखर मातीत जायला हवा ना?"

"हो बाई."

"आणि हा तवा?"

देवीदासनं तव्यावरचा धोंडा हलवून बघितला. मग म्हणाला, "हा मातीले लागलाच नाई पाह्यजे." त्यानं खाली वाकून दोरी सोडली आणि धोंडा उचलून कुंपणापाशी नेऊन टाकला.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत खुशालरावांच्या कानावर गेली. ते शाळेत आले, उघड्या मातीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "देवीदास, बागेतली गोष्ट येगळी अन हे येगळं. आकोल्यावून एखादा शिकलेला ड्रायवर बोलावू काय?"

देवीदासची मान खाली गेली. ताराबाई म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, हा रविवार आम्हाला द्या. काय बिघडलंय ते अजून कुणालाच कळलेलं नाही. अकोल्याच्या माणसालाही आधी तेच शोधावं लागेल."

"रैवार घ्या," खुशालराव म्हणाले. "पन मंग मी कोनाचं आयकनार नाई."

रविवारी सकाळी ट्रॅक्टर मैदानात गेलाच नाही. ताराबाईंनी तो शाळेच्या प्रार्थनेच्या पडवीत, शहाबादी फरशीवर आणून उभा करायला लावला. फरशी का? कारण मैदान उंचसखल असतं. त्यावर मोजलं तर चूक तव्याची की जमिनीची, ते समजत नाही. आधी त्यांनी परातीत पाणी घालून ती फरशीवर ठेवली आणि पाणी चारही काठांना सारखं लागतंय हे मुलींना दाखवलं.

"आता या फरशीवर आपण विश्वास ठेवू शकतो," त्या म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि सुधारणा झाली, तर कशामुळे झाली ते कळणार नाही."

देवीदासनं इंजिन बंद करून प्लगची तार काढून ठेवली, म्हणजे पात्याला हात लावताना ते चुकूनही सुरू होऊ नये. मग त्यानं पातं हातानं फिरवून आडवं केलं. शकुन फूटपट्टी घेऊन पोटावर झोपली आणि पात्याचं टोक फरशीपासून किती उंच आहे ते आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मोजलं.

"डावीकडे कमी भरतंय, बाई!"

"का बरं असेल? चाकांकडे बघा."

मागचं डावं चाक जरासं बसलेलं होतं. हात फिरवल्यावर त्यात बाभळीचा काटा सापडला. तो बागेतच केव्हातरी रुतला होता आणि हवा हळूहळू जात होती. लॉरीच्या गॅरेजातून पंप आला, चाक दुरुस्त झालं, दोन्ही चाकांत सारखी हवा भरली. पुन्हा मोजलं. दोन्हीकडे सारखं. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि देवीदास त्या सकाळी पहिल्यांदा हसला.

दव वाळल्यावर मैदानाच्या कडेला त्यानं दोन पट्टे कापून बघितले. ताराबाईंनी हात फिरवला. पायरी बरीच कमी झाली होती. पण होती.

आता मात्र ताराबाईंनाही सुचेना. त्यांनी पाती बघितली, साखळ्या बघितल्या, पुन्हा फरशीवर नेऊन मोजून बघितलं. सगळं सारखं होतं. मैदानात गेलं की पायरी.

"भूत लागलं हाय तव्याले," पुंजाराम म्हणाला.

"एक पट्टा आणखी कापा," ताराबाई म्हणाल्या. "या वेळी आपण गवताकडे नाही, ट्रॅक्टरकडे बघू."

देवीदास निघाला. सगळ्या मुली बाजूनं बघत होत्या, चाकं, तवा, साखळ्या. शकुन एकटीच मागं राहिली होती, म्हणून तिला जे दिसलं ते इतरांना दिसलं नाही. तिला वडिलांची पाठ दिसली. लहानपणी वावरात भाकरी घेऊन जाताना ती हीच पाठ बघायची. तिफणीमागे चालताना डाव्या अंगाला झुकलेली, नजर शेजारच्या ओळीवर. आता ट्रॅक्टरवर बाबा तसेच बसले होते. अर्धं अंग सीटच्या बाहेर, सगळा भार डाव्या चाकावर, डोळे आधीच्या पट्ट्याच्या काठावर.

"बाई!" ती ओरडली. "आपण मोजलं तेव्हा बाबा वर बसलेच नव्हते!"

ताराबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "खरंच की ग! आपण रिकामा ट्रॅक्टर मोजला. गवत रिकामा ट्रॅक्टर कापत नाही."

पुन्हा फरशी. पुन्हा फूटपट्टी. या वेळी देवीदास वर बसला, ताठ. दोन्हीकडे सारखं. "आता बाबा, पट्ट्याकडे पाहा, तुम्ही पाहता तसं," शकुन फरशीवरून म्हणाली. देवीदास झुकला. डावीकडचं टोक पेन्सिलीच्या जाडीएवढं खाली आलं.

"तुमी दणकट हा, भाऊ," पुंजाराम म्हणाला. "मी झुकलो असतो तं चाकाले पत्ताच लागला नसता."

देवीदासला मात्र हसू आलं नाही.

"मंग मी करू काय?" तो म्हणाला. "बाजूचा तास पायल्याबिगर सरळ जाईन कसा? पंचवीस वर्षं असाच चाललो. नाई झुकलो तं पट्टा वाकडा पडते. झुकलो तं पायरी पडते."

ताराबाईंनी सरळच सांगितलं. "हे मला ठाऊक नाही, देवीदासभाऊ. सरळ कसं जायचं हे इथं फक्त तुम्हाला माहीत आहे."

देवीदास खाली उतरला. ट्रॅक्टरभोवती फिरला. कुंपणाकडे गेला, तिथल्या बांबूची एक कामठी मोडली, परत आला, ती ट्रॅक्टरच्या नाकासमोर आडवी धरून बघितली. मग शकुनकडे हात केला.

"तुह्या डोक्याची रिबन दे."

"कायले?"

"दे तं."

त्यानं कामठी पुढं आडवी बांधली, डावीकडे बाहेर काढली, आणि तिच्या टोकाला ती पांढरी रिबन खाली सोडली. ताठ बसून समोर बघितलं की रिबन दिसत होती, आणि रिबनच्या बरोबर खाली आधीच्या पट्ट्याचा काठ. आता झुकायची गरज नव्हती. रिबन काठावर राहिली की ट्रॅक्टर सरळ.

"तासच पुढं आनून ठेवला," तो स्वतःशीच म्हणाला.

पहिला पट्टा जरा वाकडा गेला, कारण अंग सवयीनं डावीकडे जात होतं. शकुन मागून ओरडायची, "बाबा, ताठ!" आणि देवीदास ताठ व्हायचा. पुंजारामही ओरडू लागला. थोड्या वेळानं ओरडायची गरज उरली नाही. ताराबाईंनी हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग शकुनला बोलावून तिचा हात गवतावर ठेवला. कुठे पायरी लागली नाही.

त्यानंतर देवीदास रोज दव वाळायची वाट बघायचा, कारण ओलं गवत पात्याखाली आडवं पडतं आणि मागून पुन्हा उभं राहतं. एकदा मैदान उभं कापलं तर पुढच्या खेपेला आडवं. एकदम खूप कापायचं नाही, थोडं थोडं. पुंजाराम उघड्या मातीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होता आणि तिच्याशी बोलतही होता. "नीघ व माय. जन्मभर नको तिथं निंगालीस, आता पाह्यजे तं लपून बसली काय?" हरळी निघाली, पण विरळ. हेमचंद्र आले तोवर ती जागा हिरवी झाली नव्हती.

हेमचंद्र एस.टी.तून उतरून सरळ मैदानात आले. कडेला उभं राहून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि ती गोलासमोर थांबली.

"ताराबाई, तिथं काय, कापूस पेरणार आहात?"

शकुनची कानशिलं लाल झाली. पण ताराबाई काही बोलायच्या आत देवीदास पुढं आला होता.

"थे माहं काम हाय, सायेब," तो म्हणाला. "धोंडा ठेवला होता, चुकलं. रंग नाई आला अजून. पन तुमी रंग नका पाहू. चेंडू सोडून पाहा."

हेमचंद्रांनी त्याच्याकडे बघितलं. मग शकुनच्या हातातला चेंडू घेतला, मुद्दाम त्या विरळ जागेच्या मधोमध ठेवला आणि तिला म्हणाले, "मार."

शकुननं मारला. चेंडू उघड्या जागेवरून गवतात शिरला, एकामागून एक पट्टे ओलांडत गेला आणि दूरच्या कुंपणाला लागून थांबला. कुठे उसळला नाही, वळला नाही. हेमचंद्र चपला काढून मैदानात चालत गेले, चेंडू उचलला आणि आडव्या दिशेनं स्वतः घरंगळवला. मग आणखी एकदा, कोपऱ्यातून. तिसऱ्यांदा ते त्याच्यामागे बघत राहिले, आणि चेंडू थांबल्यावरही बघत राहिले.

"असा आमच्याकडेही धावत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणी कापलं हे?"

"माझ्या बाबांनी," शकुन म्हणाली.

"सामना इथंच होईल."

सामन्याच्या दिवशी देवीदासच्या गावाहून तीन गाड्या आल्या. पहिल्या गाडीत शकुनची आई मनकर्णा आणि आजोबा नत्थुजी होते. नत्थुजी उतरले, मैदानाच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी गवताची एक काडी उपटून बघितली.

"हे तं हरळीच व्हय."

"हो बाबा," देवीदास म्हणाला.

"सारी जिंदगी इले खनून फेकलं. अन तू इचा भांग पाडून राहिला!" पण ते उठले नाहीत. कितीतरी वेळ हात त्या गवतावर फिरवत राहिले, जसं नवं लुगडं विकत घेताना बायका फिरवतात.

सामना सुरू झाला. अमरावतीच्या मुली तयारीच्या होत्या आणि त्यांनी लवकरच दोन गोल केले. पण कुणीही वाकून चेंडू उचलला नाही, आणि कापसाचा विषय निघाला नाही. उत्तरार्धात शकुनला मधोमध चेंडू मिळाला. समोर वाट मोकळी दिसताच ती तो घेऊन सरळ धावली, वर्तुळात शिरली आणि जोरात मारला. चेंडू जमिनीला चिकटूनच गेला. तो त्या विरळ जागेवरून सरकला, गोलरक्षक मुलीच्या पायापासून वीतभर दूर, आणि मागच्या फळीवर खाडकन वाजला.

सगळं अकोट ओरडलं. पुंजारामनं डोक्यावरची टोपी वर फेकली आणि ती खुशालरावांच्या मांडीवर पडली. नत्थुजी उभे राहिले होते. मनकर्णा ओरडली नाही. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं आणि डोळे पुसायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. देवीदास गोलाकडे बघत नव्हता. त्याची नजर अजून त्या जागेवरच होती, जिथं धोंडा बांधलेला तवा आपटला होता.

"अवो, पोरीनं गोल केला!" ती त्याचा दंड हलवत म्हणाली. "पायलं नाई काय तुमी?"

"पायलं," देवीदास म्हणाला. "उसळला नाई."

अमरावतीनं सामना जिंकला, पण जाताना त्यांच्या कप्तान मुलीनं ताराबाईंना विचारलं, पुढच्या वर्षीही इथंच असेल ना? ताराबाईंनी उत्तरासाठी देवीदासकडे बोट केलं. तो तेव्हा मैदानाच्या पलीकडे, ट्रॅक्टरजवळ होता. कामठीच्या टोकाची रिबन सोडून त्यानं ती शकुनच्या हातात दिली. शकुननं ती केसांना बांधली नाही. वाकून परत कामठीलाच बांधली.